मृगयेचे ओझे

मृगयेविषयीचे वाङ्मय आपल्याकडे थोडे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाने करावयाच्या शिकारीचे नाना प्रकार सांगितले आहेत, आणि निरनिराळी मांसे कशी शिजवावीत याच्या कृतीही दिल्या आहेत. मात्र ज्या रानात पारध पडली ते रान आणि जिथे मांस शिजले तो मुदपाकखाना यांच्या दरम्यान जी वाट आहे, तिला त्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण नाही. मेलेले जनावर कड्याखालून वर, काटवणातून पायवाटेवर आणि पायवाटेवरून मुक्कामावर कोणी आणावे, हा प्रश्न ग्रंथकर्त्याला पडण्याचे कारणच नव्हते. ते काम होऊन जात असे.

प्रस्तुत लेखाचा विषय ती वाट हा आहे. त्यासाठी झाशीच्या भोवतालचा प्रदेश निवडण्यास दोन कारणे आहेत. बुंदेले राजे, मोगल बादशहा, मराठे सुभेदार आणि इंग्रज अंमलदार अशा चार परस्परभिन्न सत्तांची सावली याच डोंगरांवर एकामागून एक पडली, हे एक. आणि वाहणारे खांदे मात्र या सगळ्या काळात फारसे बदलले नाहीत, हे दुसरे.

झाशी सपाट मुलुखात वसलेले शहर आहे असा समज रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशाचा होतो. प्रत्यक्षात बुंदेलखंडाच्या जुन्या खडकांतून गारगोटीच्या लांबच लांब अरुंद धारा ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेलेल्या आहेत. दुरून त्या एखाद्या पडक्या तटासारख्या दिसतात. त्यांना बांध घालून जुन्या राजांनी तलाव अडवले. बेटवा आणि धसान या नद्यांनी काठाची माती कोरून घळींचे जाळे केले आहे. तिथे दहा हातांवरचा माणूस दिसत नाही, आणि समोरच्या टेकाडावर जायचे तर आधी तीन ओघळी उतराव्या लागतात. दक्षिणेला ललितपूरकडे विंध्याचा वालुकाश्म सुरू होतो. ललितपूर १८९१ साली झाशी जिल्ह्यात सामील झाले आणि १९७४ साली पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाले. म्हणजे साहेबी शिकारीच्या ऐन भराच्या काळात झाशी जिल्हा म्हटला की त्यात विंध्याचे कडेही आले. तेथील देवगड प्रसिद्ध आहे ते गुप्तकालीन दशावतार मंदिरासाठी. पण मंदिरामागच्या डोंगरावर चढून पलीकडे गेले की पठार एकदम तुटते आणि खाली बेटवेचे पात्र दिसते. कड्यातून नदीकडे उतरायला खडकात खोदलेल्या पायऱ्या आहेत. त्यांतील एका वाटेला राजघाटी म्हणतात, दुसरीला नाहरघाटी. नाहर म्हणजे वाघ. राजघाटीत चंदेल राजा कीर्तिवर्मा याचा मंत्री वत्सराज याचा १०९७ सालचा लेख आहे. राजाची वाट आणि वाघाची वाट यांना नावे मिळाली. त्या पायऱ्यांवरून ज्यांनी ओझी वर आणली त्यांच्या नावाची घाटी नाही.

या रानांत चितळ, सांबर, नीलगाय, चिंकारा, काळवीट आणि चौशिंगा अशी जनावरे होती, काही अजूनही आहेत. चितळ-सांबरांची शिंगे दरसाल गळतात, नीलगाय-काळविटाची गळत नाहीत. म्हणून प्राणिशास्त्र त्यांना वेगवेगळ्या कुळांत घालते. ओझेवाल्याच्या लेखी फरक एवढाच, की चिंकारा वीस-पंचवीस किलोंचा असतो आणि एकटा माणूस तो मानेवर टाकून चालू लागतो; काळवीट पस्तीस-चाळीस किलोंचा; चितळाचा नर ऐंशीच्या आसपास; नीलगायीचा नर दोनशेच्या वर; आणि पोसलेले सांबर अडीचशे किलोंच्या घरात जाते. सांबर डोंगरउतार पसंत करते. म्हणजे सर्वांत जड हरिण सर्वांत अवघड जागी पडते.

ते बाहेर काढण्याचे शास्त्र लिहिलेले नसले तरी पक्के आहे. जनावर पडताच पोट फाडून कोथळा काढावा लागतो. त्याने वजन सुमारे चौथाईने उतरते, आणि मांस टिकते. झाशीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. अशा दिवसांत कोथळा न काढलेले जनावर काही तासांत फुगते, हिवाळ्यात थोडी सवड मिळते. मग पुढचे दोन पाय एकत्र, मागचे दोन एकत्र बांधून त्यांतून दांडा घालतात. दोरी घरून आणलेली नसली तर पळसाच्या मुळीची साल ठेचून जागच्या जागी वळता येते. दांड्याला बांबू चालतो, पण धामणीचे लाकूड उत्तम. ते वाकते, मोडत नाही, आणि चालणाऱ्याच्या पावलाबरोबर लवून खांद्याला थोडी उसंत देते. चितळाला दोन माणसे पुरतात. सांबराला सहा-आठ लागतात, आणि सहा-आठ माणसे एका दांड्याखाली अरुंद घळीतून जाऊ शकत नाहीत. तेव्हा ते कापावे लागते. कातडे सोलून त्याचीच झोळी करायची, मांडे आणि फऱ्या वेगळ्या करून कावडीला टांगायच्या. उतारावर ओझे घसरत पुढच्याच्या मानेवर येते, म्हणून पाय दांड्याशी आवळून बांधावे लागतात. शिंगे झुडपांत अडकतात, म्हणून डोके मागे वळवून धडाशी बांधायचे. मात्र डोके हे शिकाऱ्याचे. भिंतीवर लावायचे तर मानेचे कातडे अखंड हवे, शिंगाला धक्का लागता कामा नये. त्यामुळे मांसाचे तुकडे चालतील पण डोके एकट्या माणसाने डोक्यावरच धरून आणायचे, असा हुकूम होई. वाहणाऱ्याला मिळे ते बहुधा आतडी, मान, पायांचे खूर असे उरलेसुरले. एकाच जनावरात दोघांचे डोळे दोन वेगळ्या गोष्टींवर असत.

या ओझ्याबद्दलची तक्रारही प्राचीन आहे. न्यग्रोधमृग जातकाचे स्मरण आपण ठेवतो ते गाभण हरिणीऐवजी स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवणाऱ्या मृगराजासाठी. त्या कथेचा आरंभ सहसा कोणी सांगत नाही. वाराणसीचा राजा रोज शिकारीला जाई आणि त्यासाठी नगरातल्या व खेड्यातल्या लोकांना कामधंदा सोडून रान उठवायला जावे लागे. शेवटी लोकांनी विचार केला, राजाच्या उद्यानात गवत लावले, पाण्याची सोय केली, रानातली हरिणे हाकून आत घातली आणि दार लावून घेतले. आता महाराजांनी घरच्या घरी मारावीत, आम्हांला मोकळे करावे. करुणेच्या या थोर कथेचा पाया म्हणजे वेठीतून सुटू पाहणाऱ्या रयतेची एक युक्ती आहे. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात विदूषक माधव्य शिकारीपायी अंग आंबून गेल्याची कुरकुर करतो, आणि सेनापती मृगयेने शरीर कसे हलके होते ते सांगतो. शरीर हलके होते ते कोणाचे, हे माधव्याला ठाऊक आहे. निदान त्याला कुरकुरण्याची मुभा होती. तो राजाचा मित्र होता.

झाशीपासून ओरछा सुमारे पंधरा किलोमीटरांवर आहे. तेथील जहांगीर महाल बीरसिंह देव बुंदेल्याने ज्या बादशहाच्या सन्मानार्थ बांधला, त्या जहांगिराने शिकारीचा हिशेब जितक्या काळजीने ठेवला तितका क्वचितच कोणी ठेवला असेल. वयाच्या बाराव्या वर्षापासून अकराव्या राज्यवर्षाअखेर, म्हणजे सुमारे १६१७ पर्यंत, आपल्यासमक्ष २८,५३२ जनावरे व पक्षी मारले गेले आणि त्यांतील १७,१६७ आपण स्वतः मारले, असे त्याच्या आत्मवृत्तात नोंदले आहे. त्याच्या हातच्या चतुष्पादांची संख्या ३,२०३ आणि त्यांत नीलगायी ८८९. आकडा वाचून आपण थक्क होतो. परंतु दोनशे किलोंची एक नीलगाय धरली तरी ८८९ नीलगायींचे वजन पावणेदोन लाख किलोंहून अधिक भरते. ते कोणी तरी उचलले. हत्ती होते, उंट होते, गाडे होते, हे खरे. पण हत्तीला ओघळीत उतरवता येत नाही, आणि गाड्याला चाकोरी लागते. गाड्यापर्यंतचे अंतर माणसाचे.

त्याच आत्मवृत्तात पाचव्या राज्यवर्षातली, १६१० च्या सुमाराची, एक हकीगत आहे. बादशहा एका नीलगायीच्या टप्प्यात पोहोचला असताना अकस्मात एक जिलौदार आणि दोन कहार पुढे आले, आणि नीलगाय पळाली. बादशहाने संतापाच्या भरात जिलौदाराला तिथल्या तिथे ठार करवले, आणि दोघा कहारांच्या पायांच्या शिरा तोडून त्यांना गाढवावर बसवून छावणीभर फिरवले, पुन्हा कोणी असे धाडस करू नये म्हणून. कहार म्हणजे भोई, ओझी आणि पालख्या वाहणारे. शिक्षा म्हणून त्यांचे पाय घेतले, म्हणजे त्यांची उपजीविकाच घेतली. हे बादशहाने स्वतः लिहिले आहे. त्याच वर्षी वाघाच्या तावडीतून त्याला सोडवणाऱ्या अनूपरायाचे नाव आणि त्याला दिलेला ‘अनीराय सिंहदलन’ हा किताब आपल्याला माहीत आहे. अकबराच्या लाडक्या चित्त्याचे नाव समंद माणिक होते, तो चौडोलात बसून जाई, पुढे नगारा वाजे आणि गणवेशातले चाकर दोहों बाजूंनी धावत, हेही अबुल फजलने लिहून ठेवले आहे. त्या दोन कहारांची नावे नाहीत.

मराठे बुंदेलखंडात आले ते १७२९ साली पहिल्या बाजीरावाने छत्रसालाला साह्य केल्यानंतर. पुढे नारो शंकरांनी झाशीचे शहर वसवले, आणि १७७० च्या सुमारास नेवाळकरांची सुभेदारी सुरू झाली. या मंडळींनी देशावरून आणि कोकणातून आपल्याबरोबर देवपूजा, वाडे, दप्तर आणि दप्तरातले शब्द आणले. त्यांतला ‘वेठ’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. तो संस्कृत ‘विष्टि’पासून आला, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टि आहे. त्याला फारसी ‘बेगार’ जोडून आपण वेठबिगार हा जोडशब्द केला. दोन भाषांतले दोन शब्द, अर्थ एकच. कामावरचा माणूसही बहुधा एकच. महाराष्ट्रात गावच्या महाराने अंमलदाराचे सामान शिवेपर्यंत न्यायचे आणि शिवेवर पुढच्या गावच्या महाराने ते उचलायचे, अशी रीत होती. शिकारीच्या मुक्कामाचे तंबू, भांडी आणि परतताना जनावरे हीही याच रीतीने गावोगाव सरकत. बुंदेलखंडातील संस्थानांत हांक्याला आणि ओझ्याला सहरिया आदिवासी धरून आणले जात. खैर, तेंदूपान, मोह आणि मध यांवर जगणाऱ्या या लोकांना रानाची खडान्‌खडा माहिती असे, आणि तीच त्यांच्या मुळावर येई.

कावडीचा उल्लेख वर आला. मराठी वाचकाला झाशी म्हटले की विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ आठवावा, इतके ते पुस्तक आपले आहे. १८५८ चा वेढा आणि कत्तल डोळ्यांनी पाहिलेला हा भिक्षुक अनेकदा लुटला गेला. तरी परतताना त्याने गंगेची कावड वरसईला आणली आणि आईवडिलांना स्नान घातले. त्याच आकाराची कावड, तशाच लवचीक दांड्याची, त्याच मुलखात मांस वाहण्यासाठीही चालत होती. एकीखालच्या खांद्याला पुण्य लागले, दुसरीखालच्याला काहीच नाही.

इंग्रजी अमलात झाशीला मोठी छावणी आली. १८८६ साली ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना देऊन झाशी इंग्रजांनी कायमची घेतली, आणि रेल्वेचे जाळे येथे एकवटल्यावर अधिकाऱ्यांना चार दिवसांच्या रजेत शिकार करून येणे सोपे झाले. नियमाप्रमाणे हांकेवाल्यांना मजुरी द्यायची असे, आणि अनेकजण ती चोख देत. पण ती बहुधा मुकादमाच्या हातात पडे आणि वाटेत झिजे. शिवाय पैसे घेऊनसुद्धा नाही म्हणण्याची सोय नसेल तर त्या मजुरीला मजुरी म्हणावे की नाही, हा प्रश्न राहतोच.

येथे एक तुलना उद्‌बोधक ठरेल. त्याच काळात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात श्रीमंत इंग्रज तांबडे हरिण मारायला जात. भूप्रदेश तितकाच अवघड, दलदलीचा आणि उभ्या चढाचा. तेथे हरिण आणण्यासाठी गॅरन जातीचे ठेंगणे, दणकट तट्टू ठेवले जाई. त्यासाठी खास खोगीर बनवले होते, आणि रक्ताच्या वासाने बुजू नये म्हणून तट्टाला शिकवावे लागे. एकोणिसाव्या शतकातील चित्रांत पाठीवर हरिण लादलेले हे तट्टू हमखास दिसते. बुंदेलखंडात तट्टे नव्हती असे नाही. डोंगरी तट्टावर धान्य, मीठ, कापड अशा मालाची ने-आण चालू होतीच. तरी हरणासाठी खोगीर घडवण्याची गरज येथे कोणाला वाटली नाही. तट्टू विकत घ्यावे लागते, त्याला चंदी लागते, ते मेले तर नुकसान होते. धरून आणलेल्या माणसाबाबत यांतले काहीच लागू नव्हते. साधने सुधारतात ती केवळ बुद्धीने नव्हे. श्रम महाग झाल्याखेरीज ती सुधारत नाहीत, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व या कड्यांवर जसे स्पष्ट दिसते तसे क्वचितच दिसेल.

ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी शिवपुरीच्या रानात वेगळा मार्ग धरला. शिकारीवर १९२० साली मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध करणारा हा मराठा राजा व्यवस्थेचा मोठा भोक्ता होता. तलाव, बंगले, मचाणे आणि मोटार जाईल असे रस्ते यांनी त्याने ते रान बांधून टाकले. रस्ता रानात आला की ओझे कमी होते. शिवपुरीच्या ओझेवाल्यांचे कष्ट कमी झाले असतील तर ते व्हाइसरॉयना चालावे लागू नये या हेतूचे उपफळ होते. पण इतिहासात उपफळेही मोजावी लागतात.

ओझे नाकारण्याचा इतिहास मात्र झाशीत नव्हे, अन्यत्र आधी घडला. कुमाऊंत १९२१ च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या मेळ्यात बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी कुली बेगारीची गावोगावची रजिस्टरे शरयूत बुडवली. त्या रजिस्टरांत कोणत्या गावाने साहेबाचे ओझे कितीदा वाहायचे याच्या पाळ्या लिहिलेल्या असत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत महार वतन आणि वेठबिगार यांवर घाव घातला. हे महाराज स्वतः कसलेले शिकारी, चित्ते बाळगणारे. फासेपारध्यांना त्यांनी आश्रय दिला. शिकारीचे सुख ज्याने भोगले, त्याला तिची किंमत कोण चुकवतो हेही दिसले, असे मानण्यास जागा आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला जमलेल्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. मेलेला बैल ओढणारा अस्पृश्य. मारलेले हरिण वाहणारा त्याच वस्तीतला किंवा शेजारच्या पाड्यावरचा. हरणाचे मांस राजाच्या ताटात गेले म्हणून वाहणाऱ्याचा दर्जा चढला नाही. १९५० च्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदात ही सक्ती गुन्हा ठरली. त्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठातही ‘बेगार’ हाच शब्द जसाच्या तसा ठेवावा लागला.

या सगळ्या काळात झाशीच्याच एका लेखकाने शिकार वेगळ्या पायरीवरून पाहिली. वृंदावनलाल वर्मा (१८८९–१९६९) यांना आपण ‘झाँसी की रानी’ या कादंबरीमुळे ओळखतो. वकिली सांभाळून ते बेटवेकाठच्या रानांत बंदूक घेऊन हिंडत, आणि त्या अनुभवांवर त्यांनी ‘दबे पाँव’ हे पुस्तक लिहिले. ते राजे नव्हते आणि साहेबही नव्हते. त्यांच्याबरोबर शंभर हांकेवाले नसत. ज्याला आपले हरिण चार सोबत्यांच्या मदतीने घरी आणायचे असते, त्याला मारण्यापूर्वीच वाटेचा विचार करावा लागतो, आणि सोबत्यांची नावे विसरता येत नाहीत. त्यांच्या ‘मृगनयनी’तली निन्नी राणी होण्यापूर्वी राई गावची गरीब मुलगी आहे, पोटासाठी शिकार करणारी. तिच्या शिकारीत मारणारा हात आणि वाहणारा खांदा एकाच शरीराचे आहेत. आपल्याकडील ऐतिहासिक कादंबऱ्यांत मृगया पुष्कळ आहे. असे शरीर विरळा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील हौशी शिकारीची वाटही बंद झाली. देवगडच्या डोंगरावर १९७७ पासून महावीर स्वामी अभयारण्य आहे, जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरांचे. ललितपूर जिल्ह्यातील सहरियांना उत्तर प्रदेशात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली. कायद्यानुसार रानात मेलेले आढळणारे हरिण आता राज्य शासनाची मालमत्ता ठरते. त्याचा पंचनामा होतो, आणि मांसाचा किंवा शिंगांचा वाटा कोणालाच मिळत नाही. त्यापूर्वी ते घळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. वनरक्षक आणि रोजंदारीवरचे मजूर ते काम करतात, आणि नाहरघाटीची वाट अजून पायऱ्यांचीच आहे.